तुम्ही विचारलंत म्हणून: पीएच ७.९ आहे, कुठला बफर टाकू?

हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता एकदाच नीट लिहून ठेवते. प्रश्न साधारण असा असतो, रीफ टँक (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, सकाळी पीएच ७.८-७.९ दाखवतो, सगळीकडे ८.३ हवा असं लिहिलेलं असतं, मग कुठला बफर (पीएच वाढवायची पावडर किंवा द्रावण) टाकू? माझं उत्तर आहे, आधी काहीच टाकू नका, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण, खाली नीट सांगते) किती आहे ते सांगा. आणि दहातल्या आठ जणांनी ती मोजलेलीच नसते.

मी पण नव्हती मोजली. पहिल्या टँकच्या वेळी रोज संध्याकाळी बाटलीतला बफर चमचाभर टाकायचे, तासाभरात पीएच वर जायचा, बरं वाटायचं, सकाळी परत ७.९. परत चमचा. असं पंधरा दिवस चाललं, मग एके दिवशी हीटर बाहेर काढला तर त्याच्यावर पांढरा खरखरीत थर, नखाने निघेना, पंपाचा पंखा पण जाम झालेला. तेव्हा कुठे टेस्ट केली, अल्कलिनिटी साडेबारा डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) आणि कॅल्शियम उलट खाली आलेलं. जे कोरलला मिळायला हवं होतं ते हीटरवर जाऊन बसलं होतं. अ‍ॅक्रोपोराच्या (हे फांद्यांसारखं वाढणारं कोरल) फांद्यांची टोकं जळाल्यासारखी झाली, जांभळ्या टोकावरची कातडी गेली आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागला. तो मी अजून विसरले नाहीये.

झालं काय होतं ते समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट आणि कार्बोनेट किती आहे, आणि कोरल सांगाडा बांधायला तेच वापरतं, त्यामुळे ती रोज थोडी थोडी संपते. पीएच मात्र दोन गोष्टींवर ठरतो, ही अल्कलिनिटी आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. आता घर बंद आहे, माणसं आहेत, गॅस चालू आहे, तर खोलीतल्या हवेत हा वायू वाढतो, तोच पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो, पण अल्कलिनिटी जराही हलत नाही. म्हणजे दोष खोलीतल्या हवेचा आणि आपण औषध ओततोय टँकमध्ये, रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बफरने पीएच तेवढ्यापुरता चढतो, हवेतला वायू परत विरघळला की उतरतो, पण टाकलेली अल्कलिनिटी त्याच्याबरोबर उतरत नाही, कोरल वापरतं त्याच्यापेक्षा जास्तीची साठत राहते.

तुमच्याकडे हेच होतंय का ते बघायला एक सोपी गोष्ट करा. ग्लासभर टँकचं पाणी घ्या, पीएच मोजा, ग्लास गॅलरीत किंवा गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवा, त्यात एअरस्टोन (हवेच्या पंपाला जोडायचा बुडबुड्यांचा दगड) सोडा आणि तासभर बुडबुडे येऊ द्या. परत मोजा. ७.९ चा ८.२ झाला तर तुमच्या पाण्यात काही कमी नाहीये, खिडकी उघडा. स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर सोडली तरी पुष्कळ फरक पडतो. तेही जमत नसेल तर त्याच नळीला सोडा लाइमचा स्क्रबर (हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारी डबी) लावा, नाहीतर संपमध्ये (मुख्य टँकला जोडलेली खालची टाकी) कीटोमॉर्फा हे शेवाळ ठेवून तिचा दिवा रात्री लावा, म्हणजे मुख्य दिवे बंद असताना ती कार्बन डायऑक्साइड खाते. (पीएच मोजायचा प्रोब आधी पीएच ७ आणि १० च्या द्रावणात कॅलिब्रेट केलेला असू दे, बरेच "पीएच लो" तिथेच सुटतात.)

आणि पीएच दिवसभर हलतो हे नॉर्मल आहे हो. दिवे असताना प्रकाशसंश्लेषण चालतं म्हणून चढतो, रात्री सगळे श्वास घेतात म्हणून उतरतो, सगळ्यात कमी असतो दिवे लागायच्या आधी. ७.८ ते ८.४ च्या मध्ये असेल तर मी झोप उडवून घेत नाही.

झोप उडवायचीच तर अल्कलिनिटीसाठी. समुद्रात ती ७ डीकेएचच्या आसपास असते, टँकमध्ये ७ ते १० मधला कुठलाही आकडा धरा पण तो सोडू नका. रोज एकाच वेळी मोजा, चार-पाच दिवस काही न टाकता, म्हणजे रोज किती संपते ते कळेल, आणि तेवढंच रोज भरा. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) वापरलात तर २ ग्रॅमच्या जरा आत, आणि तिने पीएच पण वर सरकतो, खाण्याच्या सोड्याने उलट किंचित उतरतो. ज्यांचा पीएच कायम कमीच असतो त्यांना मी चुन्याची निवळी सांगते, तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही जोडीने मिळतात आणि ती कार्बन डायऑक्साइड पण ओढून घेते. पण तिचा स्वतःचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी रात्री थेंब थेंबच सोडायची, भसकन कधीच नाही. मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास ठेवा, ते कमी असेल तर कॅल्शियम आणि कार्बोनेट आपसातच जुळून खाली बसतात आणि कितीही टाकलंत तरी आकडे वर येत नाहीत.

आता काहीजण विचारतात की बफर टाकून झालाय, अल्कलिनिटी १२ वर गेलीये, आता काय करू. अ‍ॅसिड टाकू नका, घाईने अर्धं पाणी पण बदलू नका, आणि बदलणारच असाल तर नवीन मिठाच्या पाण्याची अल्कलिनिटी आधी मोजा, काही मिठांचं पाणी मुळातच ११ चं असतं. नुसतं टाकणं थांबवा. कोरल तिला हळूहळू खाली आणतील, माझ्याकडे तीन आठवडे लागले होते, रोज मोजत राहा आणि तुमच्या ठरलेल्या आकड्याला आली की त्या दिवसापासून डोस परत सुरू करा.