तिकडे सगळे चायनीजच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी फोनवर दोन मिनिटांत गुंडाळते. मी सिंगापूरला राहते असं कळलं की मिरजेच्या मावशीपासून ते रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांपर्यंत सगळे एकच विचारतात, "तिकडे सगळे चायनीजच ना? म्हणजे चीनचेच की!" आणि यावर मी हो म्हटलं तरी चूक, नाही म्हटलं तरी चूक.

पहिली गोची आपल्या शब्दातच आहे. आपल्याकडे चायनीज म्हणजे आधी खायची गोष्ट, कोपऱ्यावरची गाडी, ट्रिपल राईस, शेजवान चटणी. मग दुसऱ्या नंबरला 'चायना माल', म्हणजे टिकणार नाही ते. माणसं तिसऱ्या नंबरला, आणि तिथेही आपण जे 'चिनी' म्हणतो त्यात वंश, पूर्वजांचं गाव आणि पासपोर्ट असं सगळं सामान एकाच पिशवीत कोंबलेलं असतं. ज्यांचं ते सामान आहे त्यांनी मात्र कधीच वेगवेगळ्या पिशव्या करून ठेवल्यात. जोंगग्वो-रन म्हणजे चीन देशाचा माणूस. ह्वा-रन म्हणजे वंशाने चिनी, मग पासपोर्ट मलेशियाचा असो नाहीतर कॅनडाचा. ह्वा-छियाव म्हणजे चीनचाच नागरिक पण बाहेर राहणारा. आणि हान म्हणजे चीनमधल्या अनेक समाजांपैकी सगळ्यात मोठा. इंग्रजीत या सगळ्याला एकच चायनीज, आणि आपण इंग्रजीतून उचललं म्हणून आपल्याकडेही तेच.

भाषेच्या नावातसुद्धा हे दिसतं. ज्याला आपण मँडरिन म्हणतो त्याला चीनमध्ये फुथोंगह्वा म्हणतात, म्हणजे सर्वसामान्य बोली (यातला ह्वा वेगळा, अक्षर वेगळं, उच्चाराचा सूर वेगळा), तैवानमध्ये ग्वो-यू म्हणजे राष्ट्रभाषा, आणि सिंगापूर-मलेशियात ह्वा-यू म्हणजे ह्वा लोकांची भाषा. भाषा तीच, पण सिंगापूरवाला तिला राष्ट्रभाषा म्हणूच शकत नाही, कारण इथली घटनेतली राष्ट्रभाषा मलय आहे! राष्ट्रगीतही मलयमध्ये.

आता आमच्या शेजारच्या आँटींचं सांगते. (इथे वयाने मोठी कुठलीही बाई आँटी आणि पुरुष अंकल, त्यात आपल्याला काही जड जात नाही.) आँटी सत्तरीच्या पुढच्या, जन्म सिंगापूरचा, वडील तरुणपणी दक्षिण चीनमधल्या शांतौ बाजूहून बोटीने आलेले. घरात भाषा टिओच्यू. मँडरिन त्यांना लहानपणी येतच नव्हती, ती नंतर आली, कारण 1979 साली तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांच्या सरकारने 'मँडरिन बोला' मोहीम काढली आणि हळूहळू टीव्हीवरून होक्कियन, टिओच्यू, कँटोनीज अशा दक्षिण चीनकडच्या बोली सगळ्या हद्दपार झाल्या, हाँगकाँगच्या सिरियलसुद्धा मँडरिनमध्ये डब होऊन यायला लागल्या. आँटी म्हणतात, माझा आवडता हिरो एका रात्रीत दुसऱ्याच्या आवाजात बोलायला लागला. त्यांच्या आईला तर शेवटपर्यंत बातम्या कळल्या नाहीत. आज आँटींची नात शाळेत 'मदर टंग' म्हणून मँडरिन शिकते, आणि जी खरोखर आईच्या आईची भाषा त्यातलं तिला 'जेवलीस का' एवढंच कळतं.

मला हसू येत नाही, कारण आमच्या घरीही तोच प्रकार. इथे माणसांची चार खाती आहेत, चायनीज, मलय, इंडियन आणि इतर, सीएमआयओ म्हणतात त्याला. 2020 च्या जनगणनेत चायनीज साधारण 74 टक्के, मलय साडेतेरा, इंडियन नऊ. कार्डावर वंश छापलेला असतो, शाळेतली मातृभाषा त्या खात्यावरून ठरते, सरकारी बिल्डिंगमध्ये फ्लॅट विकतानासुद्धा 1989 पासून ब्लॉकमध्ये कुठल्या खात्याचे किती याचा कोटा बघतात. आणि इंडियन खात्यातल्या मुलांना मातृभाषा म्हणून तमिळ, नाहीतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यातलं एक. मराठी यादीत नाही. त्यामुळे घरात आईला "अगं आई गं" म्हणणाऱ्या माझ्या लेकीची कागदोपत्री मातृभाषा हिंदी आहे. तर टिओच्यू घरातली मुलगी मँडरिनवाली आणि मिरजेची मुलगी हिंदीवाली, दोघी लिफ्टमध्ये एकमेकींशी सिंग्लिश, म्हणजे इथलं मिसळीचं इंग्रजी, बोलतात.

तर आँटी चायनीज का? हो, कार्डावर तसं छापलंय, नववर्षाला दारावर लाल कागद लावतात, छिंगमिंगला पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन झाडलोट करतात. पण त्यांना जोंगग्वो-रन म्हणून बघा, लगेच "नो नो, आय सिंगापोरियन". अलीकडे चीनमधून आलेल्या लोकांना त्या 'चायना पीपल' किंवा 'पीआरसी' (पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना, म्हणजे चीन देशाचे) म्हणतात, आणि कधीकधी ज्या सुरात म्हणतात तो सूर मला ओळखीचा आहे, पुण्यात 'बाहेरचे' म्हणताना लागतो तो. रंग-रूप सारखं, आडनाव सारखं, तरी बाहेरचे.

एकदा आँटी त्यांच्या भावाबरोबर वडिलांचं चीनमधलं गाव बघायला गेल्या होत्या. गावात चुलत घराणं निघालं, देवळापुढे जेवणावळ झाली, आणि टिओच्यू इतकी छान जुळली की आँटींना रडूच आलं. मग एक म्हातारे काका हात धरून म्हणाले, आता घरी परत कधी येणार? आँटी म्हणाल्या, गुरुवारी, सकाळची फ्लाईट आहे. काका गप्प. आँटींना दोन दिवसांनी कळलं की त्यांना कुठलं घर म्हणायचं होतं.

हे मूळ गावाचं प्रकरण आपल्याला समजायला सगळ्यात सोपं, मला वाटतं. आपल्याकडे नाही का, आडनावात गाव, कुलदैवत कुठल्यातरी डोंगरावर, सात पिढ्यांत कोणी तिथे राहिलेलं नाही पण लग्न जमवताना "तुम्ही मूळचे कुठले?" विचारणारच. त्यांचंही तसंच, झू-जी म्हणजे मूळ गाव. इथे बुकित ब्राऊन म्हणून जुनी चिनी दफनभूमी आहे, 1973 साली बंद झालेली, आता झाडी माजलीय. तिथल्या दगडांवर माणसाच्या नावाबरोबर चीनमधल्या त्याच्या तालुक्याचं नाव कोरलेलं दिसतं. आणि लांब कशाला, मुंबईत माझगावला जुनं चिनी देऊळ आहे, सी यप कून. 'सी यप' म्हणजे चार तालुके, ग्वांगडोंग प्रांतातले. म्हणजे बोटीवरून मुंबईत उतरलेल्या माणसांनी देऊळ बांधलं तेव्हा पाटीवर देशाचं नाव नाही घातलं, चार तालुक्यांचं घातलं. देश ही कल्पना तेव्हा त्यांच्यासाठी तालुक्यापेक्षा धूसर असावी असा माझा अंदाज.

देशाने त्यांना कवेत घेतलं ते उशिरा. चीनच्या शेवटच्या राजघराण्याने, छिंग राजवटीने, जाता जाता, 1909 साली, नागरिकत्वाचा कायदा केला, की बाप चिनी असेल तर पोरगं जगात कुठेही जन्मो, ते चिनी. झालं, बटाव्यात (म्हणजे आताच्या जकार्तात) जन्मलेला, मलय बोलणारा पोरगासुद्धा पेकिंगचा (म्हणजे बीजिंगचा) प्रजाजन. पुढे इंडोनेशिया, मलाया स्वतंत्र होत गेले तेव्हा हाच रक्ताचा नियम गळ्याशी आला, कारण नव्या देशांना वाटायला लागलं की ही लाखो माणसं नक्की कोणाची. 1955 मध्ये इंडोनेशियात भरलेल्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेच्या वेळी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी इंडोनेशियाशी करार केला की एक काय ते निवडा, आणि 1980 च्या चिनी कायद्यात तर दुहेरी नागरिकत्व सरळ नाहीच. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेऊन तिथे स्थायिक झालात की चीनचं नागरिकत्व आपोआप गेलं. आपल्यासारखंच की, फक्त त्यांच्याकडे आपल्या ओसीआय कार्डासारखी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) मधली पायरी नाही.

सिंगापूरला तर याची इतकी धास्ती होती की (चीन आणि तैवाननंतरचा) 'तिसरा चीन' म्हणून शेजाऱ्यांनी बघू नये यासाठी त्यांनी बीजिंगशी राजनैतिक संबंध जोडले ते ऑक्टोबर 1990 मध्ये, तेही इंडोनेशियाने ऑगस्टमध्ये परत जोडल्यानंतरच. तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे असलेला देश, आणि मुद्दाम रांगेत मागे उभा राहिला.

उलटी बाजूही आहे. चीनचा प्रत्येक माणूस तरी 'चायनीज' का, म्हणजे आपल्या डोक्यात असतो तसा? सरकारी हिशेबात तिथे 56 समाज आहेत, हान साधारण 91 टक्के, बाकी च्वांग, ह्वेई, उइघुर, तिबेटी, मंगोल वगैरे, आणि ओळखपत्रावर त्याचाही रकाना असतो. आमच्या ऑफिसात एक ह्वेई मुलगा होता, वायव्य चीनमधल्या निंगश्याचा, बोलणं अस्सल मँडरिन, पण धर्माने मुसलमान. दुपारी फूड कोर्टात हा नूडलच्या स्टॉलला वळसा घालून मलय मामांच्या हलाल रांगेत. मामा त्याच्याकडे बघून दरवेळी इंग्रजीत सांगायचे, इथे पोर्क नाही हां. तो म्हणायचा, म्हणूनच आलोय. सहा महिने चाललं हे. तर हा पठ्ठ्या हान नाही पण जोंगग्वो-रन, आँटी हान पण जोंगग्वो-रन नाहीत. तैवानचं अजून वेगळं, तिथे बहुतेकांचे पूर्वज फुजियानकडचेच, तरी पाहण्यांमध्ये बहुसंख्य लोक आता स्वतःला फक्त तैवानी म्हणतात. त्यात मी शिरत नाही, संध्याकाळ जाईल.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर जानेवारी 2024 ची ती अमेरिकन संसदेतली सुनावणी आठवा, टिकटॉकचे सीईओ शौ झी च्यू बसलेत आणि सिनेटर टॉम कॉटन विचारताहेत, तुम्ही कधी चीनचं नागरिकत्व मागितलंत का, चिनी कम्युनिस्ट पार्टीत होतात का. तो माणूस परत परत सांगतोय, मी सिंगापोरियन आहे. त्याने इथली सक्तीची लष्करी सेवासुद्धा केलीय. टिकटॉकवर शंका घ्या, कंपनी चिनी मालकीची आहे, प्रश्न विचारायलाच हवेत, पण कंपनीचा प्रश्न त्याच्या चेहऱ्याला विचारला गेला. आमच्या ब्लॉकमध्ये एरवी टिकटॉकला शिव्या घालणारे अंकलसुद्धा त्या दिवशी तापले होते.

आणि आपण हात झटकू नये. 1962 च्या युद्धानंतर आपल्याकडे आसाम, दार्जिलिंग भागातल्या तीनेक हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून ट्रेनने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात इथेच जन्मलेले होते, आसामी बोलणारे होते, शाळकरी पोरं होती. काही जण वर्षानुवर्षं आत राहिले, काहींना चीनला पाठवलं, म्हणजे कधी न पाहिलेल्या देशात. सुटून घरी आले तर घर-दुकान दुसऱ्याचं झालेलं. तेव्हाही प्रश्न हाच होता, चायनीज म्हणजे चीनचेच ना.

ह्वा या अक्षरावरून एक गंमत सांगायची राहिली. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, त्या पाचही जणांनी चिनी नावाच्या शेवटी हेच ह्वा घेतलं. कोटणीसांचं झालं क दी-ह्वा. मुलाचं नाव ठेवलं यिन-ह्वा, यिन म्हणजे भारत. आता ह्वा लागल्यावर सोलापूरचा माणूस ह्वा-रन होतो का? नाही होत. पण हपेई प्रांतात त्यांची समाधी आहे आणि लोक अजून फुलं वाहतात. हे कुठल्या खात्यात टाकायचं ते मला तरी माहीत नाही.

आँटींचे मिस्टर मूळचे हक्का. (हो, हक्का हा समाज आहे, आपल्याकडे कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचे कारखाने काढले ते हक्काच.) गेल्या मे महिन्यात मिरजेहून येताना मी त्यांच्यासाठी गंमत म्हणून हक्का नूडल्सचं पाकीट आणि शेजवान चटणीची बाटली आणली. अंकलनी चष्मा लावून पाकीट पुढून-मागून वाचलं, हिरवा ठिपका बघितला, त्या रात्री सिमला मिरची घालून केलंही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, नॉट बॅड लाह, तुमचं इंडियन जेवण मला आवडतं.