आधी सात, मग चाळीस

डी.एड.ला असताना ‘प्राथमिक गणित अध्यापन : माझा दृष्टिकोन’ यावर चार पानं लिहिली होती. खेळातून गणित, भीतीमुक्त वर्ग, परिसरातलं साहित्य वगैरे. ती पानं घेऊनच मी अक्कलकोट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. शाळा मराठी माध्यमाची, पण वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी कन्नड. मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता.

दुसरा महिना असेल. परिपाठ संपल्यावर दुसरीला अंकांचं श्रुतलेखन घातलं. दहा संख्या : चाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठावीस, त्रेपन्न, सहासष्ट, एकोणसाठ, बहात्तर, एकतीस, नऊ, चौऱ्याऐंशी. पहिल्या बाकावरच्या मुलीची वही आधी हातात आली. ७४, ८२, ३५, १६... मी लाल पेनाने फुल्या मारत गेले. दहापैकी सात चूक. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारातून म्हणाले, “उजळणी कच्ची आहे. शंभरपर्यंत रोज एकदा लिहून घ्या, येतं आपोआप.” त्यांची तीस वर्षांची नोकरी, माझी दोन महिन्यांची. मी मान हलवली.

वऱ्हांड्यातल्या फळ्यावर तोवर हजेरी लागली होती : पट ५१, उपस्थित ४७. रोज एक मूल तो आकडा वाचून स्वयंपाकाच्या मावशींना सांगून येतं, मग माणशी शंभर ग्रॅमप्रमाणे तांदूळ मोजला जातो. त्या दिवशी पाळी नेमकी याच मुलीची. तिने फळ्याकडे एकदा पाहिलं आणि तिथूनच आवाज दिला, “नलवत्तेळु!” मावशींनी चार किलो सातशे ग्रॅम तांदूळ काढला.

मी मावशींना विचारलं, ती काय म्हणाली? “सत्तेचाळीस की, मॅडम. नलवत्त म्हणजे चाळीस, एळु म्हणजे सात.”

वही माझ्या हातातच होती. तिच्यात सत्तेचाळीससमोर ७४ आणि त्यावर माझी फुली.

मुलीला जवळ बसवून विचारलं, “हे असं का लिहिलंस गं?” ती घाबरली नाही, उलट तिला माझंच नवल वाटलं. “तुमी आदी सात म्हणलाव की मॅडम, मग चाळीस.”

कन्नडमध्ये जे आधी ऐकू येतं ते आधी लिहायचं आणि संख्या बरोबर येते. तिने तोच नियम मराठीला लावला होता, एकदाही न चुकता. अठ्ठावीस : आठ, मग वीस, म्हणून ८२. एकोणसाठ : एक, मग साठ, म्हणून १६. सहासष्ट बरोबर आलं, कारण तिथे दोन्हीकडे सहाच. जी उत्तरं मी कच्ची उजळणी म्हणून खोडली, ती सगळी एका विचाराची होती. आणि तो विचार मी न विचारता, रोज शंभरपर्यंत लिहायला लावून पुसायला निघाले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडखळतात. भाषा बिघडेल असं तेव्हा मलाही वाटलं होतं. आता वाटतं, विरोध करणाऱ्या आम्ही कुणी एखाद्या सात वर्षांच्या मुलाशेजारी बसून त्याची वही वाचली असती तर बरं झालं असतं. एकवीस, बावीस ही नावं मुलांना आलीच पाहिजेत, ती आपली आहेत. पण त्या नावांपर्यंत जायला ‘वीस एक’ची पायरी ठेवली तर काय बिघडतं?

दुपारी तुराट्या आणल्या. दहा-दहांच्या जुड्या सुतळीने बांधल्या. “चाळीस सात मांड.” चार जुड्या डावीकडे, सात सुट्या उजवीकडे. “आता हेच मराठीत सत्तेचाळीस. नाव सातापासून सुरू होतं, पण साताची जागा उजवीकडे.” तिने खाली ४७ लिहिलं, मग स्वतःच वही ओढून अठ्ठावीस आणि त्रेपन्न दुरुस्त केले.

एकोणसाठला ती थांबली. मी सहा जुड्या ठेवल्या आणि म्हटलं, “साठ आहेत, एक कमी कर.” काडी निघेना, जुडी घट्ट होती. तिने दातांनी सुतळीची गाठ सोडली, एक काडी बाजूला ठेवली, उरलेल्या मोजल्या. पाच जुड्या, नऊ काड्या. “ऐवत्तोंबत्तु!” ती ओरडली. पन्नास नऊ.

आता वर्गात एक तक्ता आहे : अंक, ‘चाळीस सात’, ‘सत्तेचाळीस’ आणि मुलांनीच मराठी अक्षरांत लिहिलेलं कन्नड नाव. गेल्या आठवड्यात तो शंभरपाशी पोचला. तेव्हा त्याच मुलीने विचारलं, “एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणताव, मग एकोणशंभर का नाही? नव्याण्णव का?”

मला सांगता आलं नाही. प्रश्न तक्त्याखाली तिच्याच अक्षरात लिहून घेतलाय.