आईचा गुडघा, चिखलदऱ्याचा घाट आणि सात सीटांची गाडी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घरात माणसं सात, गाडी पाच सीटांची आणि तीही दमलेली. नवीन घ्यायची हे ठरलं, पण कोणती यावर दसऱ्यापासून घरात दोन पार्ट्या. मी आणि बाबा बोलेरोसारख्या उंच एसयूव्हीच्या बाजूचे, बायको म्हणे अर्टिगासारखी फॅमिली गाडी घ्या. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह देतात ती डांबरी रस्त्यावर, दोन माणसं बसवून. त्यात काय कळणार? म्हणून दिवाळीनंतर भाऊजींची बोलेरो आणि चुलतभावाची अर्टिगा, दोन्ही काढल्या, चौदा माणसं भरली आणि चिखलदऱ्याला निघालो. जाताना एकीत बसलेल्यांनी येताना दुसरीत बसायचं, हा करार.

पहिला निकाल अंगणातच लागला. आई बोलेरोत चढायला गेली. उजवा पाय फूटस्टेपवर, हात वरच्या कडीला, पण डावा पाय काही केल्या जमीन सोडेना. भाऊजी आधार द्यायला पुढे झाले तर जावयाचा हात कसा धरायचा म्हणून आईच संकोचली. "बैलगाडीत चढतो मी अजून, ह्याच्यात काहून नाही जमत बापा?" शेवटी शेजारच्यांचं प्लास्टिकचं स्टूल आणलं, आणि ते स्टूल पूर्ण प्रवासभर गाडीसोबत फिरलं. अर्टिगात मात्र ती आधी टेकली आणि मग पाय आत घेतले, संपलं. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर कंपनीचं पत्रक नंतर वाचा, आधी त्या माणसाला तीनदा चढवून-उतरवून पाहा, आणि साडी नेसलेलं असतानाच पाहा.

अंजनगाव सुर्जीपर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच. पथ्रोटच्या अलीकडे गावकऱ्यांनी स्वतःच घातलेला एक गतिरोधक लागला, त्यावर अर्टिगाचं पोट खरडलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच घासलो. खरं तर कागदावर दोन्ही गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, १८० मिमीच्या आसपासच आहे. पण ते मोजमाप रिकाम्या गाडीचं असतं. सात माणसं, फराळाचे डबे, शिवाय टायरमध्ये हवा कमी. गाडी मागून बसली होती. चूक आमचीच. भरल्या गाडीला हवा किती लागते ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आम्ही परतवाड्यात भरून घेतली आणि पुढचे गतिरोधक जरा तिरपे काढले. पुन्हा आवाज आला नाही.

परतवाड्यातच टाकीही फुल करा. घाटात पंप शोधत बसू नका. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडर डिकीत बसतो हे लक्षात ठेवा, कारण अर्टिगाची डिकी तिन्ही रांगा उभ्या असताना मुळात २०९ लिटरची. दोन बॅगा आणि चिवड्याचा डबा, झालं. बोलेरोतही मागे माणसं बसली की सामानाला जागा नाही, पण वर कॅरिअर होतं. ताडपत्री बांधून सगळं वर टाकलं.

आम्ही घटांगमार्गे चढलो. बोलेरोच्या मागच्या सीटा समोरासमोर, बाजूला तोंड करून बसायच्या. पोरं आधी त्याच सीटांसाठी भांडली. घाटातलं तिसरं वळण आलं आणि धाकटीचा चेहरा उतरला, पाचव्याला थोरल्याने ओकारी काढली, सहाव्याला भाच्याने. गाडी वळली की समोर पाहणारं माणूस अंदाज घेतं, आडवं बसलेलं नुसतं फेकलं जातं. लिंबू, आवळासुपारी, प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा. आमच्या पिशव्या कॅरिअरवर ताडपत्रीखाली होत्या.

तिकडे अर्टिगात शेवटच्या रांगेत मी मुद्दाम बसलो होतो. गुडघे छातीला लागले, पण तोंड समोर. पोरांना पुरते, मोठ्या माणसाला तासभर ठीक. चढावर सात माणसं आणि एसी म्हटल्यावर पेट्रोल इंजिन ओरडत होतं, एसी बंद करून खिडक्या उघडल्या. चिखलदरा ११०० मीटरच्या वर, हवा गार, काही बिघडलं नाही. बोलेरोचं डिझेल मात्र न कुरकुरता चढलं, हे मान्य.

भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड पाहिलं. किल्ल्यावर आईला नेऊ नका, दगड उंचसखल आहेत. ती खाली स्टुलावर बसून मक्याचं कणीस खात होती. मोथा गावचा खवा घ्यायला विसरू नका. सकाळी धुकं असतं, नऊनंतर निघा, आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न येता दुसऱ्या गियरमध्येच या.

बाबांचा शेवटचा मुद्दा होता शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेचा, पांदणीचा: "पांदणीतून तुही ती बुटकी गाडी जाईन का?" परतल्यावर दुसऱ्याच दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि भाऊजी हौसेने बोलेरो घेऊन बाबांना कपाशी दाखवायला निघाले. अर्ध्या पांदणीत काळी माती मडगार्डपर्यंत भरली, ट्रॅक्टरला नाडा बांधून गाडी ओढावी लागली. गाडीला दोष देत नाही. त्या चिखलात मागची दोन चाकं ओढणारी कोणतीही गाडी फसेल. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची ऐपत आणि गरज असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या पांदणीत पावसाळ्यात पायीच जावं लागतं.

पैशाचं गणित मात्र उलटं निघालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी १८ टक्के, म्हणून बोलेरो त्यात बसते. अर्टिगा चार मीटरहून लांब, तिला ४० टक्के. तेवढ्यावर बाबा दोन दिवस अडून बसले.

तरी बुकिंग अर्टिगाचंच केलं, पेट्रोलचं. बाबांनी एकच अट घातली, गाडी आली की भाऊजींना चावी द्यायची नाही. स्टूल शेजाऱ्यांकडे परत गेलं, एक पाय घाटातच वाकला होता, नवीन आणून दिलं.