उंदराला टचस्क्रीन कशाला?

"उंदरांना अल्झायमर होतो का गं? आणि होत असला तरी त्यांना टचस्क्रीन कशाला?" मी प्रयोगशाळेत उंदरांची स्मृती टचस्क्रीनवर तपासते, त्यामुळे सुट्टीत घरी आले की कोणी ना कोणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही होत. साधा उंदीर म्हातारा झाला तरी त्याच्या मेंदूत माणसासारखा अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) आपोआप साचत नाही. तो साचावा म्हणून माणसाची सदोष जनुकं त्याच्यात घालावी लागतात. फाइव्ह-एक्स-फॅड नावाच्या उंदरांत अशी पाच म्युटेशन्स, म्हणजे जनुकातले बिघाड, असतात, तीन एपीपी नावाच्या जनुकात आणि दोन प्रेसेनिलिन-१ नावाच्या जनुकात. दोन महिन्यांच्या वयातच त्यांच्या मेंदूत अमायलॉइडचे पुंजके दिसू लागतात. ही म्युटेशन्स अगदी थोड्या घराण्यांत वंशपरंपरेने येतात. तुमच्या-माझ्या ओळखीतल्या बहुतेक आजी-आजोबांना झालेला आजार तसा नसतो. म्हणजे उंदरात असतो तो आजाराचा एक तुकडा.

आता स्क्रीन. उंदराची स्मृती तपासायची जुनी रीत पाण्याची. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या चाचणीत गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा उंदराने पोहत शोधायचा. चाचणी चांगलीच आहे, पण माणसाची स्मृती तपासायला कुठलाही डॉक्टर त्याला हौदात सोडत नाही. शिवाय पाण्यात घाबरलेला उंदीर विसरलाय की नुसता भ्यायलाय, हे सांगणं कठीण.

केंब्रिजमध्ये १९८० च्या दशकात माणसांसाठी कँटॅब नावाच्या संगणकी चाचण्या तयार झाल्या. टिम बसी आणि लिसा साक्सिडा यांनी तिथेच त्या धर्तीवर उंदरांसाठी टचस्क्रीनच्या चाचण्या उभ्या केल्या. पुढे दोघं कॅनडात, लंडन शहरातल्या वेस्टर्न विद्यापीठात आले.

मला सगळ्यात आवडते ती जोड्यांची चाचणी, पीएएल. स्क्रीनवर तीन खिडक्या. फूल डावीकडे बरोबर, विमान मधे, कोळी उजवीकडे. दर वेळी दोनच चित्रं दिसतात, एक आपल्या जागी आणि दुसरं भलत्या जागी. उंदराने बरोबर चित्राला नाक लावायचं. (स्क्रीनसमोर इन्फ्रारेड किरणांचं जाळं असतं, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. आणि हो, हे उंदीर बहुधा काळे असतात, पांढरे नव्हेत.) बरोबर आलं की टोन वाजतो आणि मागच्या भिंतीतल्या खाचेत स्ट्रॉबेरी मिल्कशेकचा थेंब येतो. चुकलं की दिवा लागतो, पाच सेकंद काही मिळत नाही, आणि तोच प्रश्न पुन्हा. माणसांच्या पीएएलमध्येही कुठलं चित्र कुठल्या चौकोनात होतं हेच लक्षात ठेवायचं असतं, आणि अल्झायमरच्या सुरुवातीला नेमकं तिथेच अडखळायला होतं.

उंदीर चुकला म्हणजे विसरला, असं लोक धरून चालतात. मी आधी बरोबर-चूक बघतच नाही. बरोबर उत्तरानंतर तो मिल्कशेककडे किती वेळात पोचला, ते बघते. रेंगाळला असेल तर त्याला भूकच नसेल, किंवा पाय चालत नसतील. (भूक राहावी म्हणून त्यांचं वजन नेहमीच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवतात. आमच्या आईला हे अजिबात पटत नाही.) तीरासारखा धावतो आणि तरीही चुकतो, तेव्हा माझे कान टवकारतात. त्याच्याही आधी डोळे. काही जातींत, उदाहरणार्थ एसजेएलमध्ये, दृष्टिपटल लवकर खराब करणारं जनुक असतं. फाइव्ह-एक्स-फॅड मुळात एसजेएल मिसळलेल्या वंशावर तयार झाले, त्यामुळे ते जनुक तपासून घ्यावं लागतं. आंधळ्या उंदराला फूल आणि विमान दाखवून त्याची स्मृती गेली म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

स्क्रीनचा खरा उपयोग मला इथे वाटतो: चुकण्याची कारणं वेगळी काढता येतात. दुसऱ्या एका चाचणीत पाचपैकी एका चौकोनात क्षणभर उजेड पडतो आणि तो कुठे पडला ते टिपायचं असतं. २०११ मध्ये बसी-साक्सिडा यांच्या गटाने ट्रिपल ट्रान्सजेनिक (तीन सदोष जनुकं असलेल्या) उंदरांवर ही चाचणी घेतली, तर त्यांचं लक्ष टिकत नव्हतं. अल्झायमरच्या रुग्णांना देतात तेच डोनेपेझिल हे औषध दिल्यावर ते सुधारलं. घरचे सरसकट 'विसरायला लागलेत' म्हणतात, त्यातला काही भाग लक्षाचा असतो, तो हा.

तोटा एकच, पण मोठा: वेळ. स्क्रीनला नाक लावायचं असतं हेच शिकवण्यात दिवस जातात, आणि मग पीएएल नीट जमायला आठवडेच्या आठवडे. तोवर उंदराचं वय वाढतं आणि आजारही पुढे सरकतो. पुंजके दिसायच्या आधी शिकवायला घेतलं तर तो निरोगीपणीच सगळं शिकून बसतो, मग फरक दिसत नाही. उशिरा घेतलं तर तो शिकलाच नाही की शिकून विसरला, ते कळत नाही. नवा गट आला की कितव्या महिन्यात सुरू करायचं यावर आमची निम्मी भांडणं होतात. मी लवकर सुरू करायच्या बाजूची.