पावसाळ्यातील सिगार आणि सिंगल माल्ट: जुलै ते ऑक्टोबरची नोंद

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या तिघांच्या सात बैठका झाल्या आणि त्यांतल्या पहिल्या चार मी आता हिशेबातून वगळल्या आहेत. चारही वेळा मॉन्टेक्रिस्टो नंबर ४ ही क्युबन सिगार आणि ग्लेनफार्क्लस १५ ही स्कॉटिश सिंगल माल्ट व्हिस्की ही एकच जोडी होती. दर वेळी सिगार अर्ध्यावर येईपर्यंत जिभेवर कडवटपणा साचत गेला, ती दोन-तीनदा विझली आणि व्हिस्कीची गोडी त्याखाली हरवली. ही जोडी जमत नाही, असे मी वहीत लिहूनही टाकले होते. दोष जोडीचा नव्हता. सिगार ओली होती.

ह्युमिडॉरमधला, म्हणजे सिगार ठेवायच्या पेटीतला, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) ६६ टक्के दाखवत होता. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात ऑगस्टमध्ये कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, तेव्हा हा आकडा खरा मानावा का, अशी शंका आली आणि मिठाची चाचणी घेतली. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घेतले आणि ते ओल्या रेतीसारखे दिसेल, पण विरघळणार नाही, इतकेच पाणी थेंबाथेंबाने घातले. मग झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवले. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची कोंडलेली हवा ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेवर स्थिरावते. सकाळी माझे यंत्र ६८ दाखवत होते. म्हणजे महिनाभर पेटीत ७३ टक्के ओलावा होता. यंत्र कारखान्यातच जुळवलेले आहे, असे विक्रेत्याने सांगितले होते आणि मी त्यावर विसंबलो, याची हळहळ वाटते, कारण चार बैठकांच्या सिगारी त्यात वाया गेल्या.

मॉन्टेक्रिस्टो नंबर ४ची लांबी १२९ मिलिमीटर आणि रिंग गेज ४२, म्हणजे व्यास इंचाच्या ४२/६४. इतक्या बारीक सिगारमध्ये ओलाव्याने पान फुगले की धुराची वाट आवळते, मग आपण नकळत जोर लावून ओढतो, टोक तापते आणि चव बिघडते. त्यात ४६ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीचा घोट घेतला की जिभेला चटका बसतो आणि दोष व्हिस्कीवर जातो.

पेटीत ६५ टक्क्यांच्या पुड्या ठेवल्या (त्यांतही क्षारांचेच द्रावण असते, ते ओलावा शोषतेही आणि सोडतेही) आणि तीन आठवडे झाकण उघडले नाही. पाचव्या बैठकीला तीच जोडी पुन्हा घेतली. राख बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत टिकली आणि पहिल्या एक-तृतीयांश भागात कोको आणि भाजलेल्या लाकडाचा स्वाद स्वच्छ मिळाला. ग्लेनफार्क्लस ज्या पिंपांत मुरते ती ओलोरोसो शेरीची असतात आणि शेरी ही अखेर द्राक्षांचीच वाइन. आमच्यातला एक जण दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार आहे. त्याने ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाला, “भाऊ, हा दुकानातल्या मनुकांचा वास नाही, शेडमध्ये जाळीवर अर्धवट वाळलेल्या बेदाण्याचा आहे.” शेरीच्या पिंपाचे इतके नेमके वर्णन मी आजवर ऐकले नव्हते. त्या वासाबरोबर कोकोचा स्वाद अगदी सहज बसला आणि जोडीबद्दलची जुनी नोंद मी खोडली.

सहाव्या बैठकीत लाफ्रॉइग १० घेतली आणि तिथे मात्र माझे मत पक्के झाले. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या या व्हिस्कीसाठी माल्ट (मोड आणलेली बार्ली) पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, धुरावर वाळवतात. त्या धुरातली फिनॉल कुळातली संयुगे सिगारच्या धुराशेजारी ठेवली की दोघांचे तपशील पुसले जातात आणि नुसता धूर उरतो. थोडे पाणी घातले तर व्हिस्की मवाळ होईल, अशी माझी समजूत होती. पण २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाने दाखवले की धुरकट वासाचे ग्वायाकोल अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाशी राहते आणि अल्कोहोल ५९ टक्क्यांच्या वर गेले की ते आत ढकलले जाते. म्हणजे पाण्याने धुराचा वास नाकाशी उलट जास्त येणार, आणि आमच्या ग्लासांत झालेही तसेच. लाफ्रॉइग सिगार पेटवण्यापूर्वी किंवा ती संपल्यावर घ्यावी, सोबत नको.

सातव्या बैठकीत पार्टागास सेरी डी नंबर ४ ही सिगार घेतली. ती ५० रिंग गेजची आणि चवीला जड आहे. शेवटच्या एक-तृतीयांश भागात तिच्या मिरमिरीत तिखटपणापुढे ग्लेनफार्क्लस फिकी पडली. तिच्यासाठी शेरीच्याच पिंपातली, पण जास्त मुरलेली व्हिस्की शोधतो आहे. डिसेंबरात हवा कोरडी पडली की पेटी ६२ टक्क्यांवर आणून मॉन्टेक्रिस्टोची बैठक पुन्हा करायची आहे, आणि त्याच्या आदल्या रात्री मिठाची चाचणी.