टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबून मागचे दोन टायर घालवले

नऊ दिवस, सव्वादोन हजार किलोमीटर, गाडीत चौघं आणि डिकी गच्च. पहिले तीन दिवस रस्ता उत्तम होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चौथ्या दिवशीचा खडीचा ४० किलोमीटरचा पट्टा मात्र अजून डोक्यातून जात नाही.

जरा खळगा आला की मागची बाजू उडायची आणि सरकायची. ताशी ३० च्या वेगातही वळणावर मागची चाकं पकड सोडत होती. संध्याकाळी मागच्या टायरवरून हात फिरवला. मधला पट्टा जवळजवळ सपाट, कडेच्या खाचांत मात्र बोटाचं टोक अडकत होतं. खाचांची खोली मोजली तर मध्ये ३ मिमी, कडांना साडेपाच. आणि टायर चाललेले जेमतेम १४ हजार किलोमीटर!

टायर बसवताना मला सांगितलं होतं, "टायरवरच लिहिलंय, ४४ पर्यंत चालतं. तुम्ही ४० ठेवा." मी वर्षभर चारही चाकांत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवली. साफ चुकीचा सल्ला. टायरच्या बाजूवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती हवा हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पाटीवर असतं. माझ्या पाटीवर एरवी सगळीकडे ३३, पूर्ण भार असेल तर मागे ३६ असं स्पष्ट लिहिलंय. एरवी गाडी मागून रिकामी असते, त्यात ४० हवा म्हणजे टायर मध्ये फुगतो आणि तेवढाच घासतो. पुढे इंजिनचं वजन असतं, शिवाय वळताना कडाही घासतात, म्हणून पुढचे वाचले.

पाचव्या दिवशी सकाळी, टायर गार असताना, नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढली आणि सपाट डांबरावर गाडी सरळ पन्नास पावलं नेली. मागे रेघ फक्त मधोमध पुसली गेली, दोन्ही टोकं पांढरीच. दोन-दोन पीएसआय हवा काढत पुन्हा रेघ ओढली. ३६ ला ती सगळीकडे सारखी पुसली गेली. झिजलेल्या टायरवर ही रेघ थोडी फसवू शकते, त्यामुळे ती पाटीपेक्षा कमी आकडा दाखवू लागली तर पाटीचंच ऐका. परतीला तोच खडीचा पट्टा, तेवढंच सामान, आणि गाडी रस्त्याला धरून चालली. खूप बरं वाटलं.

हवा नेहमी गार टायरमध्येच तपासा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. दुपारी ३६ चे ४० दिसतील. ती वाढ उष्णतेची असते, काढू नका. आम्ही सातव्या दिवशी काढली आणि दुसऱ्या दिवशी थंड सकाळी मागे ३१ उरली. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय जातो. हवा मोजायचा गेज स्वतःचा बाळगा. वाटेत दोन ठिकाणच्या यंत्रांत ४ पीएसआयचा फरक निघाला.

दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आहे. एकच कड झिजली असेल तर हवेशी खेळत बसू नका, अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट जुळवणं) करून घ्या. खाचेत १.६ मिमी खोली उरल्याचं दाखवणाऱ्या उंचवट्याच्या खुणेपर्यंत टायर झिजला की बदलायचा, आणि ती खूण मधल्या खाचेत पाहा. माझे मागचे दोन या महिन्यात बदलतोय.