मागच्या गाडीतली बाई

‘आमच्या मागं बराच वेळ एक छोटी गाडी होती, पण त्या बाईनं एकदाही हॉर्न मारला नाही. काय शांत माणसं असतात रे तिथली!’

आज रंकाळ्यावर मित्र मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होता. चौघांनी मिळून मोटरहोम, म्हणजे आतच राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्यानं घेतली आणि स्कॉटलंडचा उत्तर किनारा फिरून आले. डरनेसकडचा रस्ता. एकीकडं समुद्र, दुसरीकडं मेंढ्या, मधे एकच गाडी मावेल एवढी डांबरी पट्टी.

समुद्र देखणाच होता. पण मला ती मागची गाडी दिसत राहिली.

इनव्हर्नेसहून निघून तिथंच परत येणारी ही साधारण ८३० किलोमीटरची वाट. २०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावानं गाजतेय. अरुंद रस्त्यावर मधेमधे ‘पासिंग प्लेस’ ठेवलेल्या असतात. तिथं थांबून समोरच्याला वाट द्यायची आणि मागच्यालाही पुढं सोडायचं, असा तिथला नियमच आहे. त्या जागेत गाडी पार्क करायची नाही, हाही.

ती बाई शांत होती की रोजचंच म्हणून गप्प बसली होती? कदाचित ड्युटीवर निघाली असेल, कदाचित पोरांना शाळेतून आणायला. तिच्यासाठी तो नजारा नाही, कामावर जायचा रस्ता आहे.

आपल्याकडं पावसाळ्यातल्या रविवारी गगनबावड्याला धुकं बघायला हीऽ गर्दी! वळणावरच गाड्या लावून फोटो, आणि मागं एसटी खोळंबलेली. आत बाजार करून घरी निघालेली माणसं.

गगनबावड्याकडचं कुणी हे वाचत असेल तर सांगा, रविवारी घरी पोचायला तुम्हाला किती वेळ लागतो?